आपल्यातलाच माणूस वेगळा निघाला की गट काय करतो

परक्या माणसाला सहन करणं तसं सोपं असतं. शेजारी दुसऱ्या धर्माचा असला तर ईदला त्याच्याकडून शिरखुर्मा येतो, दिवाळीला आपला फराळ त्याच्याकडे जातो, आणि त्याच्या घरात काय चालतं याची आपण फारशी पंचाईत करत नाही, कारण तो पडला त्यांच्यातला. पण आपल्या भावकीतल्या पोराने जातीबाहेर लग्न केलं, आपल्याच समाजातल्या एखाद्या बाईने पंचांच्या निकालावर सरळ प्रश्न विचारला, किंवा गावकीने ठरवलेली वर्गणी एखाद्या घराने दिली नाही, की सगळ्यांचं पित्त खवळतं. सहिष्णुता म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते ती हिंदू-मुसलमान, मराठी-अमराठी अशा दोन गटांची. ती व्हायलाच हवी, पण माझं ठाम मत आहे की गट किती सहनशील आहे हे बघायचं असेल तर तो आपल्यातल्याच वेगळ्या माणसाशी कसा वागतो ते आधी बघावं.

हे असं का होतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. हेन्री ताजफेल नावाचे संशोधक होते, मूळचे पोलंडचे ज्यू, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत गेले आणि सुटून आले तेव्हा घरचं जवळपास कोणी उरलं नव्हतं. माणसं "आपले" आणि "ते" अशी वाटणी इतक्या पटकन का करतात हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला त्यांनी 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना अगदी फालतू कारणावरून दोन गटांत टाकलं, म्हणजे पडद्यावरचे ठिपके जास्त मोजले की कमी, दोनपैकी कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली, एवढंच, आणि खरं तर वाटणी केली होती चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मग त्यांना पैसे वाटायला दिले, स्वतःला घ्यायचे नाहीत, दुसऱ्यांनाच द्यायचे. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि त्याहून नवल म्हणजे आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळालं पाहिजे असा हिशोब बऱ्याच मुलांनी केला. म्हणजे गटात शिरायला माणसाला काहीही निमित्त पुरतं. ही आपली काही खोड नाही, माणूसच असा घडलाय, एकटा माणूस टिकतच नव्हता.

पण हे झालं बाहेरच्यांबद्दल. आतल्याचं काय? 1988 मध्ये जोसे मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियममध्ये एक साधी गोष्ट तपासली. बेल्जियन विद्यार्थ्यांना चांगल्या आणि वाईट वागणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मत विचारलं, काही बेल्जियन, काही उत्तर आफ्रिकेतले. चांगला बेल्जियन सगळ्यात चांगला ठरला हे अपेक्षितच होतं. पण वाईट वागणारा बेल्जियन हा वाईट वागणाऱ्या परक्यापेक्षाही वाईट ठरला. कारण उघड आहे, परका चुकला तर त्यांची अब्रू जाते, आपला चुकला तर आपली जाते. "लोक काय म्हणतील" हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ज्या जागेवरून येतं तीच ही जागा.

त्याच्याही आधी, 1951 मध्ये, अमेरिकेत स्टॅनली शॅक्टर यांनी एक प्रयोग केला होता तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या जातपंचायतीत जे होतं ते त्यात जसंच्या तसं दिसतं. विद्यार्थ्यांचे छोटे क्लब बनवले, एका गुन्हा केलेल्या मुलाचं काय करावं यावर चर्चा करायला लावली आणि प्रत्येक क्लबात तीन माणसं आपली पेरून ठेवली. एक पहिल्यापासून सगळ्यांच्या मताचा, एक आधी विरोधात आणि मग हळूहळू बाकीच्यांकडे सरकणारा, आणि एक शेवटपर्यंत विरोधात ठाम. झालं असं की ठाम विरोधकाशी लोक सुरुवातीला खूप बोलले, समजावलं, वाद घातला, आणि जिथे गट एकजुटीचा होता आणि विषय जिव्हाळ्याचा होता तिथे, हा काही ऐकत नाही असं दिसल्यावर त्याच्याशी बोलणं उतरत गेलं. नंतर कामं वाटताना त्याच्या वाट्याला नको असलेली कमिटी आली. आणि जो मधेच सरकला, त्याला? त्याला गटाने पोटात घेतलं, जणू काही झालंच नाही.

आता हेच आपल्या गावात बघा. आधी घरी चार जाणती माणसं येतात, "अरे बाबा मोडतं घे, गावाच्या बाहेर जाऊन कसं चालेल" वगैरे. मग बैठक बसते. मग दंड. दंड भरून, पाया पडून माफी मागितली तर जातीत परत घेतलं जातं. नाही भरला तर बोलणं-चालणं बंद. म्हणजे गटाला खरं तर माणूस घालवायचा नसतो, त्याला वाकलेला बघायचं असतं. समजावण्यातली माया खरी असते आणि त्यानंतरची क्रूरताही खरी असते, दोन्ही तीच माणसं करतात, म्हणूनच हे प्रकरण इतकं अवघड आहे.

वाळीत टाकणं नेमकं चालतं कसं ते जरा जवळून बघू. एका घराशी गावाने बोलायचं नाही असं ठरलं तरी गावात पन्नास माणसं असतात ज्यांना तो निर्णय पटलेला नसतो, कोणी त्याचा वर्गमित्र असतो, कोणाच्या आजारपणात त्यानेच रिक्षा आणलेली असते. मग ती का बोलत नाहीत? कारण ठरावाला दुसरा भाग असतो, "जो त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड." सगळी ताकद या दुसऱ्या भागात आहे. पहिल्या घरावर लक्ष ठेवायला पोलीस लागत नाहीत, प्रत्येक शेजारी स्वतःच्याच भीतीने पहारेकरी होतो. दुकानदार माल नाही म्हणतो, पिठाची गिरणी त्याच्या वेळेलाच बंद होते, शेताला मजूर मिळत नाहीत, शिमग्यात कोकणात देवाची पालखी घरोघरी फिरते ती त्या घराला वगळून पुढे जाते. घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस येत नाही. आणि मुलांना सांगितलेलं असतं की त्यांच्या पोरांबरोबर खेळायचं नाही.

शिकल्या-सवरल्या समाजात असं होत नाही असं कोणाला वाटत असेल तर 1890 सालचं पुणं बघा. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला पुण्यातली बरीच मोठी मंडळी गेली, न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांकडून चहा-बिस्किटं पुढे आली, कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात घेतला. बोलावण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांचा, आणि त्यांनीच नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पेपरात छापून आणवली. झालं, ब्राह्मण समाजात ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी नेमली गेली, प्रायश्चित्त घ्या असं ठरलं. टिळकांनी सांगितलं की मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या घरी कार्य निघालं की भिक्षुक मिळेना, आणि माहेर-सासरच्या नात्यांत गाठी पडायला लागल्या.

1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहा पिणं हे पाप आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं, पण बरोबरच्या मित्रांची कोंडी झाली होती आणि ती सुटावी म्हणून त्यांनी घेतलं. सुधारक चिडले, सनातन्यांना आनंद झाला. बरेच लोक हा रानड्यांचा कमकुवतपणा म्हणून सांगतात, मला तसं वाटत नाही. पुढच्याच वर्षी हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या माणसाचं बहिष्काराने स्वतःचं फार काही बिघडत नव्हतं. झळ लागत होती ती त्यांच्या आजूबाजूच्यांना. बहिष्काराची किंमत बंडखोराकडून कमी आणि त्याच्या माणसांकडून जास्त वसूल केली जाते, आणि चांगला माणूस नेमका तिथेच मोडतो.

कर्व्यांचंही तेच. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर मुरुडच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, लोकांनी ठराव केला की त्यांना घरात घेणाऱ्या कुटुंबावरही बहिष्कार. म्हणजे कर्वे पुण्यात, आणि शिक्षा मुरुडमधल्या आईला नि भावाला. त्याच्याही आधी, 1849 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेही वडील गोविंदरावांवर समाजाचा दबाव आला म्हणून. आळंदीला विठ्ठलपंतांच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत जावं लागलं ही तर आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, बापाने आश्रम मोडला आणि भोगलं मुलांनी.

आता प्रश्न असा येतो की यात बेकायदेशीर काय आहे? मी कोणाशी बोलावं ही माझी मर्जी, दुकानदाराने कोणाला माल द्यावा ही त्याची मर्जी, शेतमालकाने कोणाला कामावर घ्यावं ही त्याची मर्जी. एकेक करून बघितलं तर कोणीच गुन्हा करत नाही, मारत नाही, शिवी देत नाही. हे कोडं सगळ्यात स्वच्छ मांडलं ते डॉ. आंबेडकरांनी. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना त्यांनी दिली तिच्यात बहिष्काराविरुद्ध कायदा मागितला होता, ब्रह्मदेशात 1922 मध्ये झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेऊन. त्यांचा मुद्दा असा होता की उघड हिंसाचारही बहिष्कारापुढे फिका पडतो, आणि बहिष्कार जास्त धोकादायक असतो कारण तो कायदेशीर दिसतो, ज्याच्याशी हवा त्याच्याशी व्यवहार करण्याच्या स्वातंत्र्यात तो बसतो. 1947 मध्ये संविधान सभेला दिलेल्या निवेदनातही त्यांनी बहिष्काराची व्याख्या करून तो गुन्हा ठरवायला सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते सवर्णांच्या जमिनीवर पोट असलेले अस्पृश्य, ज्यांनी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी काम बंद, वाणसामान बंद, वाट बंद. तो एका जातीने दुसऱ्या जातीवर टाकलेला बहिष्कार होता आणि आज तो अॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. पण यंत्र तेच आहे, एकेकट्याची मर्जी सुटी सुटी असेपर्यंत ती मर्जी असते, सगळ्यांनी ठरवून ती एकाच माणसावर रोखली की तिचं हत्यार होतं.

दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी, कारण तीही खोटी नाही. गटाला नियम लागतात. वारकरी माळ घातल्यावर मांसाहार सोडतो, आणि कोणी माळ घालून रोज मटण खाणार असेल तर दिंडीने त्याला काही बोलूच नये का? एखाद्या संघटनेने आपल्या तत्त्वाविरुद्ध वागणाऱ्याला काढूच नये का? कोणीही कसंही वागावं आणि तरी गट तोच राहावा असं होत नाही, मग तो गट उरतच नाही, नुसती गर्दी उरते. हा वाद आपल्या सुप्रीम कोर्टात साठ-सत्तर वर्षांपासून आहे.

1949 मध्ये मुंबई प्रांताने एक कायदा केला, कोणत्याही समाजाने आपल्या सदस्याला बहिष्कृत करणं बेकायदा. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, धर्माची शिस्त टिकवायची तर शिस्त मोडणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार लागतोच, आणि संविधानाचं कलम 26 धार्मिक संप्रदायाला आपला धार्मिक कारभार आपण बघायचा हक्क देतं. 1962 च्या जानेवारीत निकाल आला, चार विरुद्ध एक. चार न्यायमूर्तींनी धर्मगुरूंचं म्हणणं मान्य केलं आणि कायदा रद्द झाला. एकटे विरोधात होते सरन्यायाधीश सिन्हा. त्यांनी म्हटलं की बहिष्कृत माणसाची मशीद सुटते, कब्रस्तान सुटतं, समाजात त्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते, आणि हे नुसतं धर्माचं प्रकरण नाही, नागरी हक्कांचं आहे, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम 17 च्या बाजूचं आहे. पुढे बोहरा समाजातल्या असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या सुधारकांनी हा बहिष्कार आयुष्यभर सोसला. 1986 मध्ये सुधारणावादी बोहऱ्यांनी तो जुना निकाल पुन्हा तपासा म्हणून याचिका केली, आणि 2023 च्या फेब्रुवारीत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की हे प्रकरण नऊ न्यायमूर्तींनीच बघायला हवं.

मला सिन्हांचं म्हणणं पटतं, आणि त्यातूनच या सगळ्या तिढ्यातली रेघ कुठे मारायची ते सापडतं असं मला वाटतं. मंडळाने म्हणावं की तू आमच्या मताचा नाहीस, तुला अध्यक्ष करणार नाही, पूजेचा मान देणार नाही, हे त्याचं स्वातंत्र्य आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण गटात राहायची किंमत म्हणून पाणी, स्मशान, दुकान, पोरांचं खेळणं आणि आईला भेटणं ओलीस ठेवलं की तो गटाचा अंतर्गत मामला राहत नाही.

महाराष्ट्राचा आत्ताचा कायदा बऱ्यापैकी याच रेघेवर उभा आहे. सामाजिक बहिष्कारापासून लोकांचं संरक्षण करणारा हा कायदा विधिमंडळाने 2016 च्या एप्रिलमध्ये केला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो 2017 च्या जुलैत लागू झाला, आणि असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. त्याच्यामागे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 मध्ये सुरू केलेलं जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान होतं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, तरी कार्यकर्त्यांनी काम सोडलं नाही, गावोगावी पंचांशी बोलून काही पंचायती बरखास्तही करून घेतल्या. या कायद्यातला बहिष्कार म्हणजे एकाच समाजाच्या सदस्यांनी आपल्याच सदस्यावर टाकलेला. लग्न, अंत्यविधी, देऊळ, स्मशान, सभागृह, धंदा, शाळा, दवाखाना यांत अडवणूक करणं, नाती तोडायला लावणं, नैतिकता, राजकीय कल किंवा लैंगिकता यावरून भेदभाव करणं, इतकंच काय, मुलांना एकमेकांबरोबर खेळू न देणं, हे सगळं त्यात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत नुसतं बसून ठरावाच्या बाजूने बोललेला किंवा बहिष्कारासाठी दबाव आणणारा माणूसही सुटत नाही.

कायदा आहे म्हणून गावातला बहिष्कार आपोआप उठतो असं मात्र नाही. इथे आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो उपयोगाचा आहे. सॉलोमन अॅश यांनी 1950 च्या दशकात लोकांना रेघांची लांबी ओळखायला लावली, अगदी उघड दिसणारं उत्तर, पण आजूबाजूला बसलेले सगळे, आधीच शिकवून ठेवलेले, एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. तर साधारण एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसतंय ते सोडून गर्दीबरोबर गेली. पण त्या गर्दीत एकच माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे प्रमाण एकदम पडायचं. एकच माणूस लागतो. 2018 च्या सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध 'स्टॉप द व्ही रिच्युअल' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला तेव्हा त्यांना धमक्या आल्या, मारहाण झाली, बहिष्कार झाला, पण आपल्यासारखं वाटणारे आणखी आहेत हे त्यांना एकमेकांना तिथे कळलं, आणि ही प्रथा अख्ख्या राज्याच्या चर्चेत आली. ही मुलं समाज सोडून गेलेली नव्हती, आतच राहून बोलत होती, आणि मला त्यांचं हेच मोठं वाटतं.

तुमच्या ओळखीत असा बहिष्कार सोसणारं कोणी असेल तर पहिली गोष्ट, त्यांच्याशी उघडपणे बोला, चार लोकांसमोर. दुसरं, बहिष्कार जवळजवळ कधीच लेखी नसतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पुरावा जमा करायला सांगा, ग्रुपवरचे मेसेज, फोनचं रेकॉर्डिंग, दंड घेतल्याची पावती असेल तर ती, बैठकीची तारीख नि कोण कोण होतं ते वहीत लिहून. तक्रार पीडित किंवा घरातलं कोणीही पोलिसांकडे करू शकतं किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतं. बहिष्कारासाठी बैठक बसणार आहे असं आधी कळलं तर कलेक्टरांना कळवा, ती थांबवायचे अधिकार त्यांना आहेत. आणि ज्यांच्यावर बहिष्कार आहे त्यांना बहुतेक वेळा पंच तुरुंगात जायला नको असतात, त्यांना आपल्याच माणसांत परत यायचं असतं, ताठ मानेने. कायद्याने त्यालाही जागा ठेवलीय, पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते. पण गावच्या बैठकीत "मिटवून टाकू" म्हणून तोंडी मिटवू देऊ नका, कारण तिथे पुन्हा माफी मागायला त्यालाच लावतील. कोर्टासमोर मिटवा, आणि दंड म्हणून उकळलेले पैसे परत मिळाल्याशिवाय सही करू नका.